सिएरा हाय रूट

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सिएरा नेवाडा पर्वतातून दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा, उंचावरचा पदभ्रमण व गिर्यारोहण मार्ग. लांबी सुमारे ३१४ किमी. किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यानात, जिथे गाडीरस्ता संपतो त्या रोड्स एंड या ठिकाणी तो सुरू होतो आणि ब्रिजपोर्ट गावाजवळच्या ट्विन लेक्स येथे उतरतो. वाटेत तीसहून अधिक खिंडी ओलांडाव्या लागतात. मार्गाचा बहुतेक भाग २,७०० ते ३,५०० मी. उंचीच्या पट्ट्यात, म्हणजे वृक्षरेषेच्या (जिच्यावर झाडे वाढत नाहीत त्या उंचीच्या) आसपास राहतो. याला मार्ग म्हणायचे ते एवढ्याच अर्थाने की कुठून कुठे जायचे हे ठरलेले आहे. साधारण निम्म्या अंतरात पायाखाली मळलेली वाट नसते, फलक नसतात, खुणा नसतात. पुढची खिंड नकाशावर ओळखायची आणि तिच्यापर्यंत कसे पोचायचे ते समोरचा खडक पाहून ठरवायचे.

म्हणूनच हा मार्ग समजून घ्यायचा तर आधी खडक पाहावा लागतो. सिएरा नेवाडा हा सुमारे ६४० किमी. लांबीचा, एका बाजूने उचलला गेलेला भूकवचाचा तुकडा आहे. पश्चिमेचा उतार लांबलचक आणि सौम्य, पूर्वेची बाजू मात्र ओवेन्स खोऱ्यात कड्यासारखी कोसळणारी. गाभा ग्रॅनाइट व त्याच्या जातकुळीतल्या खडकांचा. यांतले बरेचसे खडक सुमारे १२ ते ८ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात, काही किमी. खोलीवर, शिलारस सावकाश थिजून तयार झाले. वरचे थर झिजून गेल्यावर ते उघडे पडले. थिजताना आणि वरचा भार हलका होताना त्यांत सरळ, लांब भेगा पडल्या. हिमयुगांत हिमनद्यांनी या भेगांत शिरून ठोकळेच्या ठोकळे उपसून काढले. जिथे भेगा दाट होत्या तिथे खळगे आणि खिंडी झाल्या. जिथे विरळ होत्या तिथे शिखरे आणि घुमट उभे राहिले. शेवटचे मोठे हिमाच्छादन सुमारे २०,००० वर्षांपूर्वी भरात होते. ते ओसरल्यावर प्रत्येक हिमगव्हराच्या (हिमनदीने कोरलेल्या खळग्याच्या) तळाशी पाणी साचले. सिएरातली हजारो तळी अशी झाली आहेत. आज माणूस जिथून पार होऊ शकतो त्या जागा हिमाने आणि भेगांनीच ठरवून ठेवल्या आहेत.

मार्गाच्या उत्तर भागात, योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या टुआलमी मेडोज परिसरात हे अगदी हाताशी पाहायला मिळते. तिथल्या ग्रॅनाइटी खडकात फेल्डस्पारचे चौकोनी स्फटिक असतात, काही तर ५ सेंमी.पेक्षाही लांब. हिमनदीने घासलेल्या भागात हे स्फटिक बाकीच्या खडकाबरोबर कापले जाऊन सपाट झाले आहेत. पृष्ठभाग इतका गुळगुळीत की उन्हात तो चकाकतो, आणि जवळून पाहिले तर हिमाने ओढत नेलेल्या दगडांचे समांतर ओरखडे एकाच दिशेला गेलेले दिसतात. ही झिलई जिथे निघून गेली आहे तिथे मऊ भाग झिजतो आणि स्फटिक गाठीसारखे बाहेर राहतात. आरोहक त्यांवरच बोटे आणि बुटाची टोके टेकवून चढतात. झिलईवर, विशेषतः ओल्या झिलईवर, मात्र चांगला बूटही धरत नाही.

या खिंडींतून माणसांची ये-जा फार जुनी आहे. पूर्वेकडचे पायूट आणि पश्चिमेकडचे मिवोक व मोनो लोक उन्हाळ्यात पर्वत ओलांडून व्यापार करीत. पूर्वेकडून ऑब्सिडियन (ज्वालामुखी काच) आणि मीठ जाई, पश्चिमेकडून ओकची फळे येत. ग्रॅनाइटच्या मुलखात, खिंडीच्या माथ्यावर काळ्या काचेच्या कपच्या सापडतात त्या या व्यवहाराच्या आहेत. पर्वताचा ‘शोध’ एकोणिसाव्या शतकात लागला असे लिहिण्याची पद्धत आहे. ती सोडून द्यायला हवी.

उंचावरून पर्वताच्या कण्याला समांतर जाणारा मार्ग असावा ही कल्पना थिओडोर सॉलोमन्स याची. १८८४ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, गुरे राखताना ती आपल्याला सुचली असे तो सांगत असे. पुढे १८९० च्या दशकात त्याने या भागात शोधभ्रमंती केली आणि १८९५ मध्ये एका शिखरसमूहाला डार्विन, हक्सले, वॉलेस, हेकेल, स्पेन्सर, फिस्क अशी उत्क्रांतिवादी विचारवंतांची नावे दिली. त्यांच्या पायथ्याचे खोरे म्हणजे आजचे एव्होल्यूशन (उत्क्रांती) खोरे. १९०८ मध्ये जोसेफ एन. लकाँत, जेम्स हचिन्सन आणि डंकन मॅकडफी यांनी योसेमिटीपासून किंग्ज कॅन्यनपर्यंत सलग प्रवास करून ही कल्पना जमिनीवर उतरवली. त्यातून जॉन म्यूर ट्रेल आखली गेली. १९१५ मध्ये सुरू झालेले तिचे काम १९३८ मध्ये पुरे झाले. सुमारे ३४० किमी. लांबीची ही वाट योसेमिटी खोऱ्यापासून ४,४२१ मी. उंचीच्या माउंट व्हिटनीपर्यंत जाते. ती खेचरे चालू शकतील अशा बेताने बांधलेली असल्याने कण्यापासून अनेकदा दूर, खोल दऱ्यांत उतरते.

खेचरांना लागणारी ही सोय वगळली तर मार्ग कुठून जाईल, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हाय रूट. योसेमिटीतला आरोहक स्टीव्ह रोपर याने तो जुळवला आणि १९८२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

रोड्स एंड सुमारे १,५३० मी. उंचीवर आहे. तिथून कॉपर क्रीकच्या वाटेने जवळजवळ सलग चढ लागतो आणि ग्राउस लेकपाशी वाट सुटते. मग गोट क्रेस्ट, ग्रे, व्हाइट आणि रेड या खिंडी, मॅरियन तळे, लेक बेसिन आणि फ्रोझन लेक पास. मेथर खिंडीपलीकडे पॅलिसेड शिखरांच्या पायथ्याने जाणाऱ्या सर्क, पॉटलक आणि नॅपसॅक या तीन खिंडींचा टप्पा संपूर्ण मार्गातला सर्वांत सुंदर मानावा लागेल. डावीकडे मोकळी दरी, उजवीकडे ४,००० मी.च्या वरची दातेरी रांग, आणि मध्ये एकही झाड नसलेली बॅरेट तळी. पुढे म्यूर खिंड, एव्होल्यूशन खोरे, डार्विन बेंच आणि स्नो-टंग पास. हम्फ्रीज बेसिननंतर पपेट, फेदर, व्हाइट बेअर, गॅब्रो, बिगहॉर्न आणि शाउट-ऑफ-रिलीफ अशा खिंडींची मालिका आहे. मॅमथ गावाजवळ मार्ग रस्त्याच्या जवळ येतो आणि बहुतेक जण तिथे शिधा भरून घेतात. उत्तरेकडे मिनारेट शिखरे, नॉर्थ ग्लेशियर पास, ट्विन आयलंड लेक्स, टुआलमी, आणि शेवटी हॉर्स क्रीकने ट्विन लेक्स.

मिनारेट आणि रिटर ही शिखरे ग्रॅनाइटची नाहीत हे लक्षात ठेवले पाहिजे. तो जुना, रूपांतरित ज्वालामुखी खडक आहे, काळसर आणि ठिसूळ. हाताने धरलेली कड निखळून येते. सॅन फ्रान्सिस्कोचा वकील वॉल्टर स्टार (धाकटा) १९३३ मध्ये मिनारेटमध्ये एकटा चढताना मरण पावला. इतरांनी शोध थांबवल्यावरही गिर्यारोहक नॉर्मन क्लाइड शोधत राहिला आणि मायकेल मिनारेटच्या कड्यावर त्यालाच मृतदेह सापडला.

काठिण्य सांगण्यासाठी इथे सिएरा क्लब या गिर्यारोहण व निसर्गरक्षण संस्थेने १९३७ मध्ये स्वीकारलेली श्रेणीपद्धत वापरतात. पहिली श्रेणी म्हणजे चालणे, दुसरीत अधूनमधून हात टेकावे लागतात, तिसरीत हातापायांनी चढावे लागते आणि पडल्यास इजा होते, चौथीत अनेक जण दोर बांधतात, पाचवी म्हणजे दोर व साधनांसह आरोहण. हाय रूट मुख्यतः दुसऱ्या श्रेणीचा आहे, काही जागा तिसऱ्या. हा आकडा वाचून कोणी निश्चिंत होऊ नये. खिंडींखालच्या उतारांवर गाडीएवढे धोंडे एकमेकांवर रचलेले असतात. त्यांतला एखादा पाय ठेवताच डुलतो. अशा राशीतून, पाठीवर दहा दिवसांचा शिधा घेऊन, एक किमी. जायला तासाहून अधिक वेळ सहज लागतो. स्नो-टंग आणि फ्रोझन लेक या खिंडींच्या उत्तरेकडच्या उतारांवर सुटी माती, दगड आणि उशिरापर्यंत टिकणारे बर्फ असते, त्यामुळे अनेकांना बर्फात रोवायची आइस अ‍ॅक्स जवळ ठेवावी लागते.

याच मुलखात दोराने चढायचे मार्गही पुष्कळ आहेत. १९३१ चा ऑगस्ट त्यांच्या इतिहासात महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेच्या पूर्व भागातून आलेल्या रॉबर्ट अंडरहिलने दोर हाताळण्याची शास्त्रशुद्ध पद्धत इथल्या तरुणांना शिकवली. १३ ऑगस्टला त्यांच्या गटाने पॅलिसेडमधले तोवर कोणी न चढलेले एक शिखर गाठले. माथ्यावर वीज ज्यूल्स आयकॉर्नच्या अगदी जवळ पडली आणि शिखराचे नाव थंडरबोल्ट पडले. लगेच १६ ऑगस्टला अंडरहिल, क्लाइड, आयकॉर्न आणि ग्लेन डॉसन यांनी व्हिटनीचा पूर्वकडा चढला. १९९९ मध्ये पीटर क्रॉफ्टने एव्होल्यूशनची सुमारे १३ किमी. लांबीची शिखरधार सलग पार केली.

हंगाम साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. जुलैत ओढे फुगलेले असतात आणि डास भयंकर. बर्फ दुपारी वितळते, म्हणून ओढा पहाटे ओलांडावा. दुपारी विजांचे ढग जमण्यापूर्वी खिंडीतून उतरलेले असावे.

तळ्यांबाबत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. उंचावरच्या जवळजवळ सर्व तळ्यांत मुळात मासे नव्हते. गळ टाकणाऱ्यांसाठी आधी खेचरांवरून आणि नंतर विमानातून ट्राउटची पिल्ले सोडली गेली. इथल्या पिवळ्या पायांच्या पहाडी बेडकाचे पाण्यातले पिल्लू प्रौढ व्हायला अनेक वर्षे घेते, म्हणून त्याला हिवाळ्यात तळापर्यंत न गोठणारे खोल तळे लागते. आणि मासेही तिथेच जगतात. ट्राउटने बेडकांची पिल्ले खाल्ली, कायट्रिड बुरशीने उरलेले बेडूक मारले, आणि २०१४ मध्ये ही प्रजाती धोक्यातील म्हणून नोंदली गेली. सिकोया व किंग्ज कॅन्यन उद्यानांनी २००१ पासून निवडक तळ्यांतले मासे जाळ्यांनी काढायला घेतले. अशा तळ्यांत बेडकांची संख्या पुन्हा वाढली आहे. ट्राउटला निसर्गाची देणगी समजून कॅमेऱ्यात टिपणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवे.

मुक्कामासाठी परवाना लागतो आणि रोजच्या परवान्यांची संख्या प्रवेशस्थळानुसार मर्यादित असते. मार्गाच्या बऱ्याच भागात अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या कडक डब्यात ठेवणे सक्तीचे आहे. वाट नसलेल्या भागात दगडांच्या खुणा रचू नयेत आणि गटाने एका रांगेत न चालता पांगून चालावे, म्हणजे कुरणात नवी वाट पडत नाही.