एक मिलिमीटर म्हणजे साडेतीन दिवस

होडीत सापडलेली लांब चोचीची एक पक्कड आणि तिच्या जबड्यात अडकलेला पाच-सहा इंचांचा गडद केस. जप्तीच्या नोंदीत केस एकच होता. पुढे पाकीट उघडलं तेव्हा आत दोन निघाले. एकाचे तुकडे होऊन दोन झाले असावेत, असं सरकारी पक्षाचं म्हणणं. बचाव पक्षाला अर्थातच ते पटलं नाही. या केसावर हौशी तपासनिसांनी गेल्या वीस वर्षांत जेवढा खल केलाय, तेवढा खटल्यातल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूवर क्वचित झाला असेल. गंमत अशी की पुरावा म्हणून त्याचं वजन फार थोडं आहे.

प्रकरण लेसी पीटरसनचं. कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावातून ही २७ वर्षांची गर्भवती २४ डिसेंबर २००२ ला बेपत्ता झाली. त्या दिवशी आपण बर्कलीच्या धक्क्यावरून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एकट्यानं मासे धरायला गेलो होतो, असं तिचा नवरा स्कॉट याचं म्हणणं. मोडेस्टोहून बर्कली सुमारे १४५ किलोमीटर. धक्क्यावरच्या वाहनतळाची दुपारी १२.५४ ची पावती त्याच्याकडे होती. त्यानं तिला मारलं आणि मृतदेह आपल्या होडीतून नेऊन याच खाडीत टाकला, हा सरकारी पक्षाचा आरोप. १३ एप्रिल २००३ ला त्याच खाडीच्या किनाऱ्याला बाळाचा मृतदेह लागला आणि दुसऱ्या दिवशी तिथून मैलभरावर लेसीचा. नोव्हेंबर २००४ मध्ये ज्युरीनं स्कॉटला दोषी ठरवलं आणि पुढे फाशीची शिक्षा झाली. ज्युरी निवडतानाच्या चुकांमुळे २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं फाशी रद्द केली, दोषसिद्धी मात्र कायम ठेवली. २०२१ पासून तो जन्मठेपेत आहे आणि आपण निर्दोष असल्याचं आजही सांगतो.

आता तो केस. केसाला मूळ असेल तर त्यातून पेशीकेंद्रातला डीएनए मिळतो आणि माणूस जवळजवळ नक्की करता येतो. नुसत्या काडीतून त्या काळी तसा डीएनए मिळत नसे. काडीत उरतो तो मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए: १६,५६९ अक्षरांची छोटीशी गोल साखळी, जी आईकडून मुलांना जशीच्या तशी मिळते. साधारण दोन सेंटीमीटरचा तुकडा आधी नीट धुतात, म्हणजे बाहेरून चिकटलेला परका डीएनए निघून जातो. मग काचेच्या छोट्या खलबत्त्यात तो कुटून डीएनए वेगळा करतात, साखळीतल्या सर्वांत बदलत्या दोन पट्ट्यांच्या प्रती काढतात आणि अक्षरं वाचतात. शेजारी केस नसलेली एक रिकामी नळी अगदी त्याच पायऱ्यांतून नेतात. तिच्यात काही उमटलं, तर प्रयोगशाळेतलाच कुणाचा तरी डीएनए आत शिरलाय. दोन किंवा जास्त अक्षरं वेगळी निघाली तर केस त्या व्यक्तीचा नाही. एकच वेगळं निघालं तर निर्णय राखून ठेवायचा. सगळी जुळली, तर ‘वगळता येत नाही’. निष्कर्षाचे शब्द एवढेच, ‘तिचाच आहे’ असं कुणीही म्हणत नाही.

केसातली अक्षरं लेसीच्या आईच्या नमुन्याशी जुळली. तज्ज्ञांनी दिलेला आकडा होता गोऱ्या लोकांमध्ये सुमारे ११२ जणांत एक. हा आकडा धरून दोन्ही बाजूंचे हौशी लोक हमरीतुमरीवर येतात. पण हा आकडा ‘केस कुणाचा’ एवढ्याच प्रश्नाला उत्तर देतो, आणि केस बायकोचा असण्याबद्दल मुळात कुणाला फारसं आश्चर्य वाटण्याचं कारण नव्हतं. विचारायला हवं ते हे: लेसी होडीत होती असं धरलं तर पक्कडीत तिचा केस सापडण्याची शक्यता किती, आणि ती होडीत कधीच चढली नव्हती असं धरलं तर किती? एका घरात राहणाऱ्या माणसांचे केस एकमेकांच्या स्वेटरवर, गाडीच्या सीटवर, अवजारांच्या पेटीत असतातच. दोन्ही शक्यतांचा भागाकार एकच्या आसपास येतो, आणि असा पुरावा तराजूचा काटा हलवत नाही.

बाळाच्या मांडीच्या हाडाची गोष्ट वेगळी. तिथे आकड्यांना खरोखर काम होतं.

बाळाचा मृत्यू २४ डिसेंबरच्या सुमारास झाला असेल तर आरोप उभा राहतो. चार-पाच दिवसांनी झाला असेल तर लेसी तोवर जिवंत होती आणि आरोप कोसळतो, कारण तोपर्यंत पोलीस आणि छायाचित्रकार स्कॉटच्या मागे लागलेले होते. मग तारीख काढायची कशी? शेवटच्या पाळीवरून धरलेली प्रसूतीची तारीख होती १० फेब्रुवारी २००३. ती बरोबर असेल तर २४ डिसेंबरला गर्भ ३३ आठवडे आणि एक दिवसाचा. सापडलेल्या हाडांवरून मानवशास्त्रज्ञांनी वय दिलं ३३ ते ३८ आठवडे. हे उत्तर प्रामाणिक आहे, म्हणूनच पसरट आहे.

सरकारी पक्षाच्या सोनोग्राफी तज्ज्ञानं हाच पल्ला अरुंद केला. गरोदरपणातल्या आधीच्या सोनोग्राफी घेतल्या, सापडलेल्या फीमरची, म्हणजे मांडीच्या हाडाची लांबी घेतली, सूत्रात घातली आणि २३-२४ डिसेंबरच्या आसपासची तारीख काढली. आता हे सूत्र जवळून पाहू. ३३व्या आठवड्यात फीमर साधारण ६४ मिलिमीटर असतं आणि आठवड्याला जेमतेम दोन मिलिमीटर वाढतं. म्हणजे एक मिलिमीटर हे साधारण साडेतीन दिवस. सगळा वाद २४ डिसेंबर की २९ डिसेंबर याचा, म्हणजे दीड मिलिमीटरचा. सोनोग्राफीच्या पडद्यावर हाडाच्या दोन टोकांना खुणेचे फुलीचे ठिपके लावताना हात एवढा इकडेतिकडे सहज होतो. प्रोब (पोटावर फिरवायचा दांडा) थोडा तिरका धरला गेला तर हाड आखूड दिसतं. त्यात सूत्रं बनली आहेत जिवंत गर्भाच्या सोनोग्राफीतल्या मोजमापांवर, आणि इथं हातात होतं जवळपास चार महिने पाण्यात राहिलेलं हाड. ते दोन टक्के जरी आकसलं असेल, तरी सव्वा मिलिमीटर गेलं, म्हणजे चार दिवस.

या सगळ्याच्या वर मुलामुलांमधला फरक. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून गर्भाचं वय पाच ते सात दिवसांच्या चुकीत कळतं, कारण त्या वयात सगळे गर्भ जवळपास एकाच वेगानं वाढतात. शेवटच्या तिमाहीत कुणी आईवर गेलेलं ठेंगणं असतं, कुणी बापावर गेलेलं लांब. तिथली चूक तीन आठवड्यांपर्यंत किंवा जास्तही जाते. तीन आठवड्यांची चूक असलेल्या पट्टीनं पाच दिवसांचं अंतर मोजायला बसायचं, याला काय म्हणावं?

बचाव पक्षाच्या डॉक्टरांची तारीख आली २९ डिसेंबर. उलटतपासणीत ती कोसळली, कारण गर्भधारणा कळली कधी यासाठी त्यांनी एका मैत्रिणीच्या आठवणीवर भिस्त ठेवली होती. हौशी लोक इथे टाळ्या वाजवून थांबतात. पण साक्षीदार उघडा पडला म्हणून दुसऱ्या बाजूचा आकडा घट्ट होत नाही. पुढे अपिलाच्या काळात, सरकारी तज्ज्ञानं वापरलेल्या सूत्राचे मूळ कर्ते फिलिप जांती यांनीच लेखी निवेदन देऊन मृत्यूची तारीख काही दिवस पुढे नेली. आमच्या मते त्यांचा आकडाही दिवसांच्या अचूकतेनं घेऊ नये. त्याला तोच दीड मिलिमीटरचा नियम लागू आहे.

मग उरतं पाणी. यूएसजीएसचे, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे, जलशास्त्रज्ञ राल्फ चेंग यांनी वारा आणि भरती-ओहोटीचे आकडे घेऊन बाळाचा मृतदेह कुठून वाहत आला असेल ते उलट काढलं. वाट ब्रुक्स बेटाच्या बाजूला गेली, जिकडे स्कॉट मासे धरत होता. लेसीच्या मृतदेहाची वाट मात्र तशी नीट जुळेना, आणि आपलं गणित संभाव्यतेचं आहे, नेमकं नाही, हे चेंग यांनी साक्षीतच मान्य केलं.

उलट गणित अवघड का होतं ते एका उदाहरणात दिसतं. पाण्यावर तरंगणारी वस्तू वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्क्यांनी सरकते, असा ठोकताळा आहे. वादळात वारा ताशी ४० किलोमीटर असेल तर वस्तू तासाला १.२ किलोमीटर जाईल. ती तळातून वर कधी आली याचा अंदाज दोन तासांनी चुकला, की सुरुवातीची जागा जवळपास अडीच किलोमीटर हलली. मृतदेह सापडायच्या आदल्या दिवशी वादळ होतं, आणि वर येण्याची वेळ कुणीच पाहिलेली नव्हती.

नांगरांचा हिशेब वहीच्या पानावर मांडता येतो. स्कॉटनं ९० पौंडांची, म्हणजे ४१ किलोची काँक्रीटची गोणी आणून ८ पौंडांचा एक नांगर ओतला होता. उरलेलं काँक्रीट घराच्या वाटेवर वापरलं, असं त्यानं सांगितलं. मृतदेह बुडवायला त्यानं असे आणखी नांगर ओतले असावेत, हे सरकारी पक्षाचं म्हणणं. ‘८ पौंडांचे चार नांगर कुठे माणसाला खाली धरतात!’ हा हौशी वर्तुळातला लाडका आक्षेप. ८ पौंड म्हणजे ३.६ किलो. काँक्रीटची घनता साधारण २.३ आणि खाऱ्या पाण्याची १.०२५ धरली, तर पाण्यात नांगराचं वजन दोन किलोच भरतं. चार नांगर म्हणजे आठ किलो. ताजा मृतदेह पाण्यात जवळपास तोललेला असतो, त्यामुळे सुरुवातीला आठ किलो पुरून उरतात. नंतर कुजण्यातून वायू तयार होतो आणि त्याचा एक लिटर साधारण एक किलो उचलतो. म्हणजे आठ लिटर वायूनं नांगर हरले. उन्हाळ्यात हे काही दिवसांत होईल, पण हिवाळ्यात त्या खाडीचं पाणी दहा-बारा अंशांवर असतं आणि जिवाणू सुस्तावतात. शिवाय दोर बांधलेले सांधेच सुटले तर नांगर तळातच राहतात. लेसीचा मृतदेह सापडला तेव्हा डोकं, पुढचे हात आणि पावलं नव्हती. पाणबुड्यांना नांगर एकही सापडला नाही. तळाचा मऊ गाळ पाहता त्यावरून बाजू ठरत नाही. आक्षेप खोटा ठरत नाही आणि खराही ठरत नाही. ‘अशक्य’ हा शब्द तेवढा काढायला हवा.

होडी उलटेल की नाही, हा असाच वाद. १४ फुटी ॲल्युमिनियमच्या होडीत सत्तर किलो वजन काठावरून पाण्यात लोटायचं. बचाव पक्षानं तसा प्रयोग करून चित्रफीत काढली, होडीत पाणी भरलं, आणि न्यायाधीशांनी ती फीत ज्युरीला दाखवू दिली नाही. शास्त्रीय दृष्टीनं ते बरोबरच होतं. माणूस उभा होता की तळाशी बसलेला, वजन आडव्या बाजूनं लोटलं की मागच्या सपाट टोकावरून, लाट किती, यातलं एक बदललं की निकाल पालटतो. मागच्या टोकावरून लोटलं तर होडी आडवी कलतच नाही, नुसतं टोक दबतं. पण मग ज्युरीनं त्याच होडीत चढून ती हलवून पाहिली, तीही कोरड्या जमिनीवर! जमिनीवर होडीचा डगडगाट तळाच्या आकारावर ठरतो, पाण्यात तो विस्थापित पाण्यावर. हा प्रयोग बंद केलेल्या चित्रफितीहून वाईट.

रक्ताबद्दल थोडक्यात. २५ डिसेंबरला मोडेस्टोतच एक जळालेली व्हॅन सापडली, आणि बचावाची बाजू तिचा लेसीशी संबंध जोडते. तिच्यातल्या गादीवर डाग होता, आणि त्याची प्राथमिक रक्तचाचणी ‘होकारार्थी’ आली होती. ‘होकारार्थी’ या शब्दावर इमले उभे राहतात. फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी अशी: डागावरून कापूसकांडी फिरवायची, तिच्यावर अल्कोहोलचा थेंब, मग रसायनाचा थेंब, आणि थांबायचं. इथेच गुलाबी झालं तर चाचणी बाद, कारण ब्लीचसारखं काहीतरी लागलेलं आहे. रंग नसेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा. काही सेकंदांत गुलाबी आलं तर रक्त असू शकतं. मिनिटभरानं आलेला गुलाबी मोजायचा नाही, तेवढ्या वेळात हवेनंसुद्धा तो येतो. घाईत पेरॉक्साइड आधीच मिसळला तर ब्लीच आणि रक्त यांतला फरक कायमचा हरवतो. आणि नीट केलेली चाचणीसुद्धा मुळ्याच्या रसाला, बटाट्याला दाद देऊ शकते, कारण त्यांतल्या पेरॉक्सिडेज या विकराचं काम रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखंच चालतं. माणसाचं रक्त की कोंबडीचं, हे तर ती सांगतच नाही.

बर्कलीच्या धक्क्यावर चार दिवसांनी माग काढणाऱ्या कुत्र्याला लेसीच्या गॉगलच्या डबीचा वास दिला होता. ती वस्तू ज्या घरातली, तिथे स्कॉटही राहत होता आणि धक्क्यावर तो स्वतः जाऊन आलेला होता. कुत्रा कुणाच्या मागावर गेला, हे कुत्र्यालाच ठाऊक.

राहता राहिली एक गोष्ट, तिच्यावर हौशी लोक सर्वांत कमी बोलतात: मृतदेह त्याच खाडीत सापडले. भागाकार इथे खरोखर मोठा येतो. तो लहान करायचा तर दुसऱ्या कुणीतरी जाणूनबुजून ते तिथं नेले असं मानावं लागतं, आणि स्कॉटचं बर्कलीला जाणं बातम्यांतून काही दिवसांत सगळ्यांना कळलं होतं, एवढं त्या बाजूनं म्हणता येतं. मे २०२४ मध्ये न्यायाधीशांनी बचावाच्या वकिलांची बहुतेक वस्तूंच्या फेरतपासणीची मागणी फेटाळली. गादीलाही नकार मिळाला. परवानगी मिळाली ती लेसीच्या पँटवर सापडलेल्या १५ इंची डक्ट टेपच्या पट्टीला.