असणे आणि होणे : इंग्रजी व स्पॅनिश क्रियापदे

असणे व होणे या अर्थांसाठी इंग्रजीत ‘बी’ आणि ‘बिकम’ ही मुख्य क्रियापदे आहेत. स्पॅनिशमध्ये असण्याची क्रियापदे दोन, ‘सेर’ व ‘एस्तार’. होण्यासाठी मात्र सगळीकडे चालेल असे एकही नाही, प्रसंग पाहून पाच-सहांतले निवडावे लागते.

‘सेर’ने वस्तू काय व कशी आहे ते सांगतात, ‘एस्तार’ने ती कुठे व कोणत्या अवस्थेत आहे ते. ‘एल मांगो एस बेर्दे’ म्हणजे आंबा हिरव्या रंगाचा; ‘एल मांगो एस्ता बेर्दे’ म्हणजे तो अजून पिकलेला नाही. ‘एस लिस्तो’ म्हणजे हुशार आहे, ‘एस्ता लिस्तो’ म्हणजे तयार आहे. इंग्रजीत सगळीकडे ‘इज’. फरक विशेषण बदलून दाखवायचा.

‘कायमचे ते सेर, तात्पुरते ते एस्तार’ हा शिकवणीतला लाडका नियम फसवा आहे. मरण कायमचेच, तरीही ‘एस्ता मुएर्तो’ (तो मेलेला आहे) असेच म्हणतात, कारण ती बदलानंतर आलेली अवस्था. उलट, दोन तासांच्या समारंभाचे ठिकाण सांगताना ‘सेर’ येते : ‘ला फिएस्ता एस एन मि कासा’, म्हणजे समारंभ माझ्या घरी आहे. समारंभ घरात खुर्चीसारखा ठेवलेला नसतो, तो तिथे घडतो.

‘एस्तार’ लॅटिनमधील ‘स्तारे’ (उभे राहणे) यापासून आले. ‘सेर’मध्ये ‘एस्से’ (असणे) आणि ‘सेदेरे’ (बसणे) यांची रूपे मिसळली आहेत. संस्कृतातील स्था, अस् आणि सद् हे त्यांचे भाऊबंद. इंग्रजी ‘बी’ही एका धातूचे नाही : ‘इज’ हे अस् धातूच्या, ‘बी’ हे भू धातूच्या, तर ‘वॉज’ हे वस् (राहणे) धातूच्या नात्यातले. मराठी ‘होणे’ही भू पासूनच आले आहे. जुन्या इंग्रजीतही असण्याची क्रियापदे दोन होती, ‘वेसन’ व ‘बेओन’. नेहमीचे किंवा पुढे घडायचे सांगताना बहुधा ‘बेओन’ येई. ‘पाणी थंड आहे’ आणि ‘पाणी थंड असते’ यांतला फरक जाणणाऱ्याला हे सहज उमजेल. पुढे दोन्ही एकात विरघळली. ‘बिकम’चा मूळ अर्थ येऊन पोहोचणे.

मराठीत माणूस डॉक्टर होतो, वेडा होतो, लाजून लाल होतो. इंग्रजीत वेडे होण्याला ‘गो’, लाल होण्याला ‘टर्न’, म्हातारे होण्याला ‘ग्रो’ चालते. स्पॅनिशमधली वाटणी याहून बारीक. शिकून डॉक्टर झाला तर ‘आसेर्से’ (स्वतःला घडवणे), वेडा झाला तर ‘बोल्बेर्से’ (वळणे), घटकाभर लाल झाला तर ‘पोनेर्से’. आंधळा झाला किंवा विधवा झाली तर ‘केदार्से’, ज्याचा मूळ अर्थ राहणे. ‘से केदो बिउदा’ : ती विधवा झाली, शब्दशः, ती विधवा राहिली, मागे उरली.