पोटाची चरबी काढून घेण्याआधी

सरळ उभं राहा आणि बेंबीच्या खाली दोन इंचांवर पोट चिमटीत धरा. चिमटीत आली ती कातडीखालची चरबी. लायपोसक्शनची, म्हणजे चरबी ओढून काढण्याच्या ऑपरेशनची, नळी फक्त तिथपर्यंत पोचते. आता उताणं झोपा. झोपल्यावरही पोट तबल्यासारखं टणक आणि वर आलेलं राहत असेल, तर बरीचशी चरबी स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती साठलेली आहे. ती कुठलाही सर्जन नळीने ओढून काढू शकत नाही. तिच्यावर आहार, व्यायाम आणि गरज पडली तर औषधं हाच इलाज. तिसरा प्रकार बाळंतपणानंतरचा. चरबी फार नसते, पण पोटाचे मधले दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेले असतात आणि कातडी लोंबते. अशा पोटावर नुसतं लायपोसक्शन केलं तर कातडी आणखी सैल दिसते. तिथे लागते टमी टक, म्हणजे जादा कातडी कापून स्नायू टाक्यांनी जवळ आणण्याचं ऑपरेशन.

ही तपासणी दोन मिनिटांची आहे, पण ती हात लावूनच करावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवून किती लिटर निघेल आणि पॅकेज केवढ्याला पडेल हे सांगितलं जात असेल, तर तिथे पुढे जाऊ नका. सिझेरियन झालेलं असेल किंवा खोकताना बेंबीजवळ फुगवटा येत असेल, तर हर्निया नाही याची सोनोग्राफीने खात्री करून घ्यावी. हर्नियात आतडं थेट कातडीखाली आलेलं असू शकतं, आणि चरबीतून फिरणारी कॅन्युला, म्हणजे चरबी ओढणारी ती नळी, त्याला भोक पाडू शकते. आणखी मूल हवं असेल तर टमी टक त्यानंतर करावी, कारण आवळलेले स्नायू गरोदरपणात पुन्हा ताणले जातात. दोन्ही ऑपरेशनं आकार बदलण्यासाठी आहेत, वजन उतरवण्यासाठी नाहीत. म्हणून आधीचे तीन ते सहा महिने वजन एका ठिकाणी टिकलेलं असावं.

आता सर्जन. ‘कॉस्मेटिक सर्जन’ नावाची वेगळी मान्यताप्राप्त पदवी भारतात नाही. पदवी असते प्लास्टिक सर्जरीची. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमएस जनरल सर्जरीची तीन आणि त्यावर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीआरएनबीची आणखी तीन, हा तिचा नेहमीचा रस्ता. जुन्या डॉक्टरांच्या नावापुढे याच विषयातली डीएनबी दिसेल. काही दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र किंवा एखादी छोटी फेलोशिप या शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. थोड्या भागाचं लायपोसक्शन लोकल भुलीत करण्याचं रीतसर प्रशिक्षण काही त्वचारोगतज्ज्ञांनीही घेतलेलं असतं. टमी टक मात्र प्लास्टिक सर्जनचंच काम आहे. केस लावण्याबद्दल राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्टच बजावलं की नुसत्या कार्यशाळा पाहून किंवा यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून हे काम करणं म्हणजे पुरेसं प्रशिक्षण नव्हे. पोटाच्या ऑपरेशनला तर ही गोष्ट दुपटीने लागू आहे.

पदवी तपासणं सोपं आहे. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणं आणि चिठ्ठीवर छापणं बंधनकारक आहे. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाकून बघा. गोव्यात असाल तर गोवा मेडिकल कौन्सिलकडे चौकशी करा. नुसतं नाव सापडून भागत नाही. नोंदीत प्लास्टिक सर्जरीची वरची पदवी आहे का, ते पाहायचं. पाटीवर आहे आणि नोंदीत नाही असं दिसलं, तर थेट विचारा. आणि एक प्रश्न प्रत्येकाने विचारायलाच हवा: सल्ला देणारे डॉक्टर तुम्ही, पण ऑपरेशन टेबलवर कॅन्युला कोणाच्या हातात असेल?

पैशांचंही आधीच कागदावर येऊ द्या. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया जीएसटीच्या सवलतीत बसत नाही, तिच्यावर १८ टक्के कर लागतो. आरोग्य विम्यातून ती वगळलेली असते, आणि पुढे गुंतागुंत झाली तर तो खर्चही बहुधा स्वतःलाच करावा लागतो.

लायपोसक्शनमध्ये चरबी सुकीच ओढत नाहीत. आधी तिच्यात पाणी भरतात. एक लिटर सलाईन, त्यात दोन टक्क्यांचं २५ मिली लिग्नोकेन म्हणजे ५०० मिलिग्रॅम, आणि एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनॅलिन, हे नेहमीचं मिश्रण. लिग्नोकेनने भाग बधिर होतो, अ‍ॅड्रिनॅलिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तस्राव खूप कमी होतो. एरवी अ‍ॅड्रिनॅलिनसोबत लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम धरतात. या पातळ मिश्रणात ती ३५ पर्यंत जाऊ देतात, कारण चरबीला रक्तपुरवठा कमी असतो आणि औषध हळूहळू झिरपतं. साठ किलोच्या माणसाला म्हणजे २१०० मिलिग्रॅम, साधारण चार लिटर पाणी. पोट, कंबर, मांड्या आणि दंड एकाच दिवशी करायचे म्हटले की हा हिशोब चटकन ओलांडला जातो.

खरा धोका त्या ‘हळूहळू’मध्येच आहे. रक्तातली लिग्नोकेनची पातळी ऑपरेशननंतर साधारण बारा तासांनी सर्वांत वर जाते. सकाळी दहाला ऑपरेशन झालं आणि संध्याकाळी पाचला घरी सोडलं, तर ती वेळ रात्री घरच्या पलंगावर येते. ओठ-जीभ बधिर वाटणं, तोंडाला धातूसारखी चव, कानात आवाज, असंबद्ध बोलणं, मग झटके, असा हा क्रम. रात्री सोबत असणाऱ्या माणसाला ही लक्षणं आधीच सांगून ठेवलेली हवीत. ओढून काढलेलं सगळं मिळून पाच लिटरच्या वर जाणार असेल तर घरी जायचंच नाही. रात्रभर देखरेखीखाली राहायचं.

म्हणून जागाही बघायला हवी. महाराष्ट्रात शुश्रूषागृहाची १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, तिचं प्रमाणपत्र दर्शनी असतं. भूल देणारा डॉक्टर वेगळा आणि भूलशास्त्राची पदवी असलेला हवा, आणि ऑपरेशन संपेपर्यंत तो तिथेच हवा. ऑक्सिजन, डिफिब्रिलेटर म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, लिग्नोकेनच्या विषबाधेवर लागणारं २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन आहे का आणि गरज पडली तर कुठल्या आयसीयूत हलवणार, हे विचारण्यात काहीही गैर नाही. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही.

तयारीत सगळ्यांत जास्त लपवली जाणारी गोष्ट म्हणजे तंबाखू. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई खरेपणानेच ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. तपकीर, गुटखा, मळलेली तंबाखू यांचंही तसंच. निकोटिन सगळ्यांतच आहे, आणि निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. टमी टकमध्ये बेंबीपासून बरगड्यांपर्यंतची कातडी खालून सुटी करतात, तेव्हा तिच्या मधल्या भागाचं रक्त तुटतं आणि ती बाजूंनी येणाऱ्या थोड्या रक्तावर जगते. तेवढंही आकसलं की टाक्यांच्या मध्यभागी कातडी आधी जांभळी पडते, मग काळी होऊन झडते आणि जखम भरायला महिने जातात.

कातडी रक्तावरच जगते, हे आपल्याकडे फार आधीपासून ठाऊक होतं. टिपूच्या माणसांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक पुण्याजवळ एका वीटकराने कपाळाच्या कातडीतून नवं केलं. त्याची हकिगत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आली. कपाळाची कातडी खाली वळवताना भुवयांमधला तिचा देठ त्याने तोडला नव्हता. त्या देठातून रक्त येत राहिलं, म्हणून नाक जगलं.

तेव्हा तंबाखू ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद हवी. निकोटिनची च्युइंगगम आणि पट्टीही यातच धरायची. काही सर्जन लघवीतलं कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारं द्रव्य, तपासून घेतात, त्यात मिश्रीही पकडली जाते.

औषधांची यादी करून न्या आणि तिच्यात काढे, लसणाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई, फिश ऑइल सगळं लिहा, कारण यांतल्या काहींनी रक्त पातळ होतं. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम प्लेटलेट बदलेपर्यंत, म्हणजे आठवडा ते दहा दिवस, राहतो. पण स्टेंट बसवलेला असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते बंद करायचं नाही. स्टेंट बुजू शकतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, त्या कधी थांबवायच्या हे सर्जनकडून ठरवून घ्या. वजनासाठी आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर भूलतज्ज्ञांना न विसरता सांगा, कारण त्याने जठर उशिरा रिकामं होतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी ते वाढवा. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर आटोक्यात आणा.

उपाशी राहण्यात चहाची चूक हमखास होते. दुधाचा चहा म्हणजे अन्न. तो सहा तास आधी बंद. तेलकट, मटणाचं जेवण आठ तास आधी. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पहाटे ‘घोटभरच’ चहा घेतला असेल तर सांगून टाका. भुलीत तो फुप्फुसात गेला तर ऑपरेशन पुढे ढकलण्यापेक्षा फार वाईट होतं.

घरी आल्यावर पोट आवळून धरणारा पट्टा चार ते सहा आठवडे. टमी टकनंतर पहिले काही दिवस कमरेत थोडं वाकून चालायचं, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. पण चालायचं त्याच संध्याकाळपासून. ड्रेनच्या, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, बाटलीत जमलेलं पाणी रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहा. दिवसाला साधारण ३० मिलीच्या खाली आलं की ती नळी काढतात. ताप, एकाच बाजूला वाढणारी ताठर सूज, काळसर पडणारी कातडी यासाठी लगेच सर्जनला फोन. एकाच पोटरीत दुखून सूज आली, किंवा अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर सर्जनच्या फोनची वाट बघत बसू नका, आधी १०८ ला फोन लावा.