चरबी नसलेली ‘चरबीची गाठ’

मानेवर, कानामागे किंवा पाठीवर वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. दुखत नाही, खुपत नाही, वर्षानुवर्षं तशीच असते. घरातलं कुणीतरी चाचपून बघतं आणि सांगून टाकतं, “चरबीची गाठ आहे, काही होत नाही.” यातला दुसरा भाग बहुतेक वेळा खरा ठरतो. पहिला मात्र बऱ्याचदा चुकतो.

गाठ उजेडात नीट बघा. मधोमध सुईनं टोचल्यासारखा काळा ठिपका दिसतो का? त्या ठिपक्यापाशी वरची कातडी गाठीला चिकटलेली वाटते का? मग ते आवाळू, डॉक्टरांच्या भाषेत एपिडर्मॉइड सिस्ट. ठिपका म्हणजे ज्या नळीतून केस बाहेर येतो तिचं बुजलेलं तोंड.

त्वचेचा वरचा थर सतत नवा होत असतो. तळाशी जन्मलेल्या पेशी वर सरकतात, सरकता सरकता केराटिन नावाच्या प्रथिनानं भरतात, मरतात आणि साधारण महिना-दीड महिन्यात झडून जातात. केसाच्या नळीला वरच्या भागात आतून याच त्वचेचं अस्तर असतं. नळीचं तोंड बुजलं, किंवा एखाद्या जखमेत त्वचेचा कण आत गाडला गेला, तरी त्या त्वचेचं काम चालूच राहतं. झडलेल्या पेशींना बाहेर पडायला वाट मात्र उरत नाही. त्या आतच थरावर थर साचतात आणि पिशवी फुगते. आवाळू फुटल्यावर येणारा पांढरट-पिवळा, लगद्यासारखा, कुबट वासाचा ऐवज म्हणजे हेच ओलं केराटिन. केसांत आणि नखांत असतं त्याच कुळातलं प्रथिन! तेलग्रंथींचा त्यात काही हात नाही, तरी ‘सेबेशियस सिस्ट’, म्हणजे तेलग्रंथीची गाठ, हे जुनं नाव काही सुटत नाही.

एवढं कळलं की गाठ पिळू नये असं का सांगतात तेही कळतं. पिळल्यानं माल निघतो, कारखाना तसाच राहतो. त्यातून पिशवी आतल्या आत फुटली तर केराटिन आजूबाजूला पसरतं, शरीर त्याला परकं समजून त्यावर तुटून पडतं आणि गाठ लाल, गरम होऊन ठणकू लागते. हा दर वेळी जंतुसंसर्गच असतो असं नाही. सर्जन सहसा सूज उतरेपर्यंत थांबतात आणि मग पिशवी अस्तरासकट काढतात; अस्तराचा तुकडा मागे राहिला तर गाठ पुन्हा येऊ शकते. डोक्यावरचं आवाळू बहुधा वेगळ्या जातीचं, पिलर सिस्ट. त्याला ठिपका नसतो आणि ते अनेकदा घराण्यात चालत येतं.

खरी चरबीची गाठ म्हणजे लायपोमा. ती मऊ, रबरी असते, बोटाखालून सटकते आणि वरची कातडी तिच्यावरून मोकळी सरकते. वजन उतरवलं तरी ती उतरत नाही. मात्र ५ सेंटीमीटरहून मोठी, भराभर वाढणारी किंवा खोलवर घट्ट बसलेली गाठ असेल तर घरातल्या चाचपणीवर विसंबू नये.

चामखीळ या शब्दाचाही असाच घोळ आहे. मानेवर, काखेत देठाला लोंबणारे मऊ कण निरुपद्रवी असतात. पण खूप संख्येनं असतील तर रक्तातली साखर तपासून घ्यावी, कारण मधुमेही आणि स्थूल माणसांत ते जास्त आढळतात. हातापायांवरची खरखरीत चामखीळ मात्र विषाणूची करणी, आणि ती पसरते. तिच्यातले काळे ठिपके म्हणजे गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या.

तिळाची गोष्ट वेगळी. तो एका बाजूला वाढू लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसले, आकार ६ मिलिमीटरच्या पुढे गेला किंवा त्यातून रक्त आलं, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला उशीर करू नये. सावळ्या-काळ्या त्वचेच्या माणसांत मेलानोमा हा कर्करोग मुळात कमी, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. नखात नव्यानं उमटलेला, रुंदावत जाणारा एकच काळपट पट्टाही म्हणूनच दाखवावा, मार लागल्याचं आठवत नसेल तर नक्कीच.