राष्ट्राध्यक्षांची सत्ता शोधायची कुठे?

दिल्लीतले ते राष्ट्रपती आणि वॉशिंग्टनमधले ते राष्ट्राध्यक्ष, हा भेद मराठी वर्तमानपत्रं सहसा कटाक्षाने पाळतात. इंग्रजीत मात्र दोघांना एकच शब्द आहे. ही गल्लत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना आधी दूर केली. दोन पदांत नावापलीकडे काहीही समान नाही, असं त्यांनी सांगितलं. कार्यकारी सत्ता स्थिरही हवी आणि उत्तरदायीही. पण दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकी पद्धत स्थैर्य जास्त देते, संसदीय पद्धत उत्तरदायित्व जास्त देते, आणि मसुद्याने दुसरीची निवड केली आहे, हा त्यांचा युक्तिवाद. १९१३ ते १९१६ ही वर्षं त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काढली होती. त्या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते वुड्रो विल्सन, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या अभ्यासाचा इतिहास सांगताना विल्सन यांना टाळून पुढे जाताच येत नाही. पण सुरुवात त्याआधीची आहे.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना लिहायला बसलेल्यांना नेमका कसला कार्यकारी प्रमुख हवा, हेच ठरलेलं नव्हतं. १ जूनला जेम्स विल्सन (वुड्रो नव्हेत, हे तिथले एक प्रतिनिधी) यांनी सुचवलं की ही सत्ता एकाच माणसाकडे असावी, तेव्हा सभागृहात शांतता पसरली. एडमंड रँडॉल्फ यांना त्यात राजेशाहीचा गर्भ दिसला. अधिवेशनाचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन तिथेच बसलेले होते आणि पहिला मान त्यांनाच मिळणार हे सगळे मनात धरून होते. त्यांच्यासमोर या पदावर अविश्वास दाखवायचा तरी कसा? शेवटी घटनेचं दुसरं कलम तयार झालं, ते आखूड आणि बरंचसं मोघम. पहिल्या कलमात कायदे करण्याचे ‘येथे दिलेले’ सर्व अधिकार काँग्रेसला (म्हणजे तिथल्या संसदेला) दिले आहेत. दुसऱ्या कलमात ‘कार्यकारी सत्ता’ राष्ट्राध्यक्षाला दिली आहे, पण तिथे ‘येथे दिलेली’ हे शब्द नाहीत. ते मुद्दाम गाळले की ओघात राहिले, यावर आजही युक्तिवाद चालतात. १७९३ साली वॉशिंग्टन यांनी युरोपातल्या युद्धात अमेरिका तटस्थ राहील अशी घोषणा केली, तेव्हा घटना घडवणाऱ्यांपैकी अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जेम्स मॅडिसन टोपणनावांनी याच प्रश्नावर एकमेकांविरुद्ध लिहीत होते. पाच वर्षांपूर्वी हेच दोघे घटनेच्या बाजूने खांद्याला खांदा लावून लिहीत होते.

मॅडिसन यांचं आणखी एक म्हणणं पुढे बराच काळ मागे पडलं. सत्ता विभागायची म्हणजे तीन शाखांनी एकमेकींच्या कामात हातच घालायचा नाही असं नव्हे, हे त्यांनी १७८८ मध्येच स्पष्ट केलं होतं. सत्ताविभाजनाचा विचार मांडणाऱ्या फ्रेंच मॉन्टेस्क्यूचाही अर्थ तो नव्हता, असं ते म्हणत. कायदा काँग्रेसने करायचा, पण राष्ट्राध्यक्षाला तो नाकारता येतो; नकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं हवीत. नेमणूक राष्ट्राध्यक्षाने करायची, पण सिनेटच्या, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाच्या, संमतीने. खोल्या वेगळ्या असल्या तरी वाडा एकच होता. शाळेच्या पुस्तकातले तीन स्वतंत्र चौकोन या रचनेची खरी ओळख करून देत नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

एकोणिसाव्या शतकात पदाची उंची माणसागणिक बदलत राहिली. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८३२ मध्ये राष्ट्रीय बँकेचं विधेयक नाकारलं. लिंकन यांनी १८६१ मध्ये काँग्रेस भरलेली नसताना बंडखोर दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. अँड्र्यू जॉन्सन १८६८ मध्ये महाभियोगातून अवघ्या एका मताने वाचले. त्यानंतरच्या मरगळीच्या काळात, १८८५ मध्ये, वुड्रो विल्सन नावाच्या तरुण अभ्यासकाने लिहिलं की खरा कारभार काँग्रेसच्या समित्या करतात आणि राष्ट्राध्यक्ष दुय्यम आहेत. थिओडोर रूझवेल्ट यांची कारकीर्द पाहिल्यावर १९०८ मध्ये त्याच विल्सन यांनी मत बदललं: राष्ट्राध्यक्षाला जितकं मोठं होता येईल तितकं होण्याची मोकळीक आहे. पुढे ते स्वतःच त्या खुर्चीत बसले. पहिल्या महायुद्धानंतरच्या ज्या व्हर्सायच्या तहासाठी त्यांनी जिवाचं रान केलं, तो सिनेटने नोव्हेंबर १९१९ मध्ये आणि पुन्हा मार्च १९२० मध्ये फेटाळला.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळात पदाभोवती यंत्रणा उभी राहिली. ‘राष्ट्राध्यक्षाला मदतीची गरज आहे’, असा निर्वाळा १९३७ मध्ये एका समितीने दिला आणि १९३९ मध्ये राष्ट्राध्यक्षांचं कार्यकारी कार्यालय स्थापन झालं. अभ्यास मात्र अजून मुख्यतः कायद्याच्या चौकटीतच चालला होता: घटनेत काय लिहिलंय, न्यायालय काय म्हणालं, मागच्यांनी काय केलं.

ही चौकट मोडायला कारण झाला पोलादाचा एक झगडा. १९५२ मध्ये कोरियाचं युद्ध सुरू होतं. वेतनावरून पोलाद कामगारांचा संप उंबरठ्यावर आला होता. ८ एप्रिलच्या रात्री हॅरी ट्रुमन यांनी देशाला उद्देशून भाषण केलं आणि गिरण्या सरकारी ताब्यात घेण्याचा आदेश वाणिज्यमंत्र्यांना दिला. त्यांच्या हाती दुसरा मार्गही होता. १९४७ च्या कामगार कायद्यानुसार न्यायालयाकडून संपाला ऐंशी दिवसांची स्थगिती मागता येत होती. पण तो कायदा ट्रुमन यांचा नकाराधिकार मोडून झालेला, आणि तो करताना काँग्रेसने जप्तीची तरतूद विचारात घेऊन बाजूला ठेवलेली. गिरणीमालक न्यायालयात गेले. २ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी जप्ती बेकायदा ठरवली. नऊही न्यायमूर्ती रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनी नेमलेले होते, आणि खुद्द ट्रुमन यांनी नेमलेल्या चौघांपैकी दोघे त्यांच्याविरुद्ध गेले.

त्या निकालात न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी वेगळं मत जोडलं. आज बहुमताच्या निकालापेक्षा तेच जास्त वाचलं जातं. काँग्रेसची संमती असते तेव्हा राष्ट्राध्यक्षांची सत्ता सर्वांत मोठी. काँग्रेस गप्प असते तेव्हा एक संधिप्रकाशाचा पट्टा असतो, तिथे बरंचसं परिस्थितीवर अवलंबून. आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध पाऊल टाकलं, तर सत्ता सर्वांत क्षीण. म्हणजे एकाच माणसाची, एकाच पदावरची, एकाच दिवशीची सत्ता शेजारच्या शाखेने काय केलंय त्यावरून वाढते किंवा घटते. मला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं निरीक्षण वाटतं. जॅक्सन यांना ते आतून ठाऊक होतं. १९४१ मध्ये विमानाच्या कारखान्याची जप्ती झाली, तेव्हा रूझवेल्ट यांचे महान्यायवादी म्हणून त्यांनीच तिचं समर्थन केलं होतं. न्यायमूर्ती झाल्यावर आपल्या त्या जुन्या वकिलीला त्यांनी पुरावा मानलं नाही.

पोलादाचा हा प्रसंग घडला तेव्हा रिचर्ड न्यूस्टाट नावाचा तरुण ट्रुमन यांच्या व्हाइट हाउसमध्ये काम करत होता. नंतर तो कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागला आणि १९६० मध्ये त्याने राष्ट्राध्यक्षीय सत्तेवर जे पुस्तक लिहिलं, त्याने अभ्यासाची दिशाच बदलली. त्याने तीन हुकूम तपासायला घेतले: १९५१ मधली कोरियातले सेनापती जनरल मॅकआर्थर यांची हकालपट्टी, १९५२ ची पोलाद जप्ती, आणि १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळावा म्हणून आयझेनहॉवर यांनी पाठवलेलं सैन्य. वरवर पाहता तिन्ही सत्तेची टोकाची रूपं. न्यूस्टाट म्हणाला, नाही. हुकूम सोडावा लागला, याचा अर्थ मन वळवण्याचे आधीचे सगळे प्रयत्न फसले होते. अमेरिकेत सत्ता विभागलेली नाही, संस्था विभागलेल्या आहेत आणि सत्ता त्यांच्यात सामायिक आहे, हे त्याचं सूत्र. अशा व्यवस्थेत राष्ट्राध्यक्षाचं खरं बळ समोरच्याला पटवण्यात असतं. सेनापती आयझेनहॉवर इथे बसून ‘हे करा, ते करा’ म्हणतील आणि काहीच होणार नाही, असं ट्रुमन म्हणाले होते. न्यूस्टाटने ते नोंदवून ठेवलं. मॅडिसन यांचा मागे पडलेला मुद्दा पावणेदोनशे वर्षांनी असा परत आला.

तरी न्यूस्टाटचा कॅमेरा राष्ट्राध्यक्षाच्या खांद्यावरच होता. त्याला आणखी बळ कसं मिळेल, ही त्याची चिंता. व्हिएतनामचं युद्ध आणि निक्सन यांना पद सोडायला लावणारं वॉटरगेट प्रकरण यांनंतर ती चिंता उलटली. १९७३ मध्ये काँग्रेसने निक्सन यांचा नकार मोडून युद्धाधिकारांचा ठराव केला. मंजुरीशिवाय धाडलेल्या सैन्याला साठ दिवसांची, माघारीसाठी फार तर आणखी तीस दिवसांची मुदत घातली. जुलै १९७४ मध्ये न्यायालयाने निक्सन यांना त्यांच्या संभाषणांच्या ध्वनिफिती सोपवायला लावल्या. १९७८ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रं त्यांची खासगी मालमत्ता राहिली नाहीत, आणि अभ्यासकांना आत डोकावण्याची हक्काची वाट मिळाली.

नव्वदच्या दशकात कॅमेरा आणखी मागे सरकला. १९५३ ते १९९२ या चाळीस वर्षांपैकी सव्वीस वर्षं राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचे आणि काँग्रेसचं किमान एक सभागृह दुसऱ्या पक्षाचं होतं. मग कारभार ठप्प होतो का? राज्यशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड मेह्यू यांनी १९४६ ते १९९० या काळातले महत्त्वाचे कायदे मोजले आणि १९९१ मध्ये दाखवलं की दोन्ही प्रकारच्या काळांत ते साधारण सारख्याच प्रमाणात झाले. त्याच क्षेत्रातल्या चार्ल्स जोन्स यांनी १९९४ मध्ये आग्रहाने मांडलं की राष्ट्राध्यक्ष हा या व्यवस्थेतला एक घटक आहे, ती व्यवस्था म्हणजे तो नव्हे. विधेयकाचा प्रवास पाहा, कोणी कुठे काय बदललं ते पाहा.

अशा नजरेने पाहिलं तर लहानसा खटलाही किती लांब पोचतो, हे जगदीश राय चढ्ढा यांच्या प्रकरणात दिसतं. केनियात जन्मलेला हा भारतीय वंशाचा विद्यार्थी १९६६ मध्ये अमेरिकेत शिकायला गेला. व्हिसाची मुदत संपल्यावर सरकारने त्याची हकालपट्टी थांबवली, पण १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहाने (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने) एकट्याने ठराव करून तो निर्णय फिरवला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की असं करता येणार नाही. दोन्ही सभागृहं आणि राष्ट्राध्यक्षांची सही हा रस्ता टाळायचा नाही. चढ्ढा राहिले, पण कार्यकारी सत्तेला लगाम म्हणून अनेक कायद्यांत घातलेली हीच युक्ती एका फटक्यात निकामी झाली. त्यांतला एक होता १९७६ चा राष्ट्रीय आणीबाणी कायदा. राष्ट्राध्यक्षांनी लावलेली आणीबाणी काँग्रेसने त्यांच्या सहीविना उठवायची, ही त्याची मूळ योजना. आता तो ठरावही सहीसाठी त्याच टेबलावर जाऊ लागला. फेब्रुवारी २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी सीमेवरच्या भिंतीसाठी आणीबाणी जाहीर केली. ती उठवण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी मंजूर केला; सिनेटमध्ये त्यांच्याच पक्षाच्या बारा जणांनी साथ दिली. १५ मार्चला ट्रम्प यांनी तो नाकारला. २६ मार्चला प्रतिनिधिगृहात तो नकार मोडण्यासाठी मतदान झालं: बाजूने २४८, विरोधात १८१. स्पष्ट बहुमत होतं, पण दोनतृतीयांश नव्हतं, आणि आणीबाणी कायम राहिली.