वेंगुर्ल्याचं बेट आणि लक्षद्वीपचं बेट: दोन्ही ओसाड, पण जात वेगळी

पुतण्या मालवणला स्कूबा करून आला आणि रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेळ खाता खाता त्यानं मोबाइल पुढं केला. "काका, हे बघा प्रवाळबेट. वरनं कसलं पांढरंफेक आहे!" फोटो वेंगुर्ला रॉक्सचा होता. काळा कातळ आणि त्यावर पांढरे ओघळ. म्हटलं, बाळा, ते प्रवाळ नव्हे, पक्ष्यांची शीट आहे.

घोटाळा त्याच्या एकट्याचा नाही. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेच. १९८७ साली तिथं २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. बुडी मारली की खडकाला चिकटलेलं प्रवाळ दिसतं आणि माणूस शेजारच्या बेटालाही प्रवाळबेट म्हणून मोकळा होतो. पण जोतिबावर गुलाल उधळला म्हणून डोंगर काय गुलालाचा झाला?

वेंगुर्ल्यासमोरची ही बेटं म्हणजे किनाऱ्यापासून तुटून राहिलेला खडक. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती. तेव्हा या टेकड्यांपर्यंत चालत जाता आलं असतं. बर्फ वितळला, पाणी चढत गेलं आणि माथे तेवढे वर राहिले. काळम्मावाडीचं धरण भरताना एखादी टेकडी पाण्यात एकटी पडते, तसंच हे. म्हणजे हे बेट कुणी घडवलं नाही, बुडता बुडता उरलं.

लक्षद्वीपचं पिट्टी घ्या. कवरत्तीच्या वायव्येला, जेमतेम सव्वा हेक्टरचं, माणूस नाही, झाड नाही. ते मात्र खरोखर जिवांनी रचलेलं आहे. प्रवाळाचे इवले जीव समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम घेऊन चुन्याचे सांगाडे बांधतात, ते मेले की त्यांच्यावर पुढची पिढी चढते. प्रवाळाला ऊन लागतं, म्हणून खालचा पाया खचत गेला तरी ते वरवर वाढत राहतं. ज्वालामुखीचं बेट हळूहळू बुडतं आणि भोवती प्रवाळाचं कडं उरतं, हे चार्ल्स डार्विननं १८४२ मध्येच मांडलं होतं. लाटा ते कडं फोडतात, पोपटमासा प्रवाळ कुरतडून वाळू टाकतो, आणि त्या चुऱ्याचा ढीग पाण्याबाहेर आला की झालं बेट.

आता खरी गंमत. लक्षद्वीपच्या खालच्या पाण्यात बुडालेल्या डोंगररांगेचं नातं भूवैज्ञानिक सहसा हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाच्या तप्तबिंदूशी, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तापलेला खडक वर येतो त्या जागेशी, जोडतात. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या दख्खनच्या पठारावर लाव्हा ओतला तो याच तप्तबिंदूनं. म्हणजे रंकाळ्याचा काळा दगड आणि त्या पांढऱ्या बेटांचा पाया, दोघं तसे भाऊबंदच. पुतण्याला हे पटेना. मलाही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पटलं नव्हतं.

उंचीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. वेंगुर्ल्याचे कातळ उभे, लाटांनी कोरलेले, पोटात गुहा असलेले. लक्षद्वीपची बेटं समुद्रापासून मीटर-दोन मीटरच वर. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. मधलं ते चार फुटांचं अंतर आठवा, जवळपास तेवढ्यावर ती उभी आहेत. लक्षद्वीपातल्याच बंगारमच्या प्रवाळकड्यावरचं परळी-१ हे निर्जन बेट तर झिजून पार गेलं, असं २०१७ मध्ये समोर आलं. कातळाचं बेट असं एका पिढीत नाहीसं होत नाही.

उलट पाण्याच्या बाबतीत जरा मोठं वाळूचं बेट सरस. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यानं त्यावर तरंगून राहतं. विहीर खणली तर पिण्याजोगं मिळतं. उपसा वाढला की तेच पाणी खारं होतं. कातळावरचा पाऊस वाहूनच जातो.

पाहुणे दोन्हीकडे पक्षीच. पिट्टीवर सुरय उघड्या वाळूवर अंडी घालतात. वेंगुर्ल्याच्या गुहांत भारतीय पाकोळ्या आपल्या लाळेनं भिंतीला घरटं चिकटवतात, आणि त्या घरट्यांची चोरटी तोड हा तिथला जुना रोग.

घरच्या घरी पारख करायची तर वाळूवर लिंबू पिळा. प्रवाळाची वाळू फसफसते. कोकणातल्या वाळूतही शिंपल्यांचा चुरा असतो, तोही थोडाफार फसफसेल. काळे, चकचकीत कण मात्र तसेच राहतील.

"मग आंग्रिया?" पुतण्यानं शेवटचा डाव टाकला. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा तो उंचवटा किनाऱ्यापासून शंभर-एक किलोमीटरवर आहे आणि त्यावर प्रवाळ भरपूर. पण त्याचा माथाच वीसेक मीटर पाण्याखाली. प्रवाळ आहे, बेट नाही.

भेळ संपेपर्यंत त्यानं फोटोखालचं 'प्रवाळबेट' खोडलं होतं. त्या पांढऱ्या ओघळांना आता काय लिहायचं, यावर तो अजून विचार करत होता.