जास्त पौंडांची मोटर म्हणजे जास्त वेग? नाही!

अमेरिकेत तळ्यांवर छोट्या होडीतून मासेमारी करणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट बसलाय: ट्रोलिंग मोटरचे, म्हणजे होडी हळूहळू चालवणाऱ्या बॅटरीवरच्या छोट्या मोटरचे, पौंड जितके जास्त, तितकी होडी वेगात पळते. हे चूक आहे. पौंड हा रेट्याचा आकडा. वेग ठरतो पंख्याच्या पात्यांच्या पिळावर आणि फेऱ्यांवर. त्यामुळे हलक्या होडीला 30 ऐवजी 55 पौंडांची मोटर लावली तरी वेगात फारसा फरक पडत नाही. जास्तीचा रेटा कामी येतो तो वाऱ्यात होडी जागेवर धरायला, आणि तेही मोलाचंच आहे.

माणसं, बॅटरी, सामान धरून दर 45 किलोंमागे निदान 2 पौंड रेटा, असा ढोबळ हिशेब. 14 फुटी ॲल्युमिनियमची होडी भरून 450 किलो झाली, तर 20 पौंड. वारा धरून मी 40 घ्या म्हणेन. 55ची मोटर पूर्ण जोरात सुमारे 50 अँपिअर ओढते; 100 अँपिअर-तासांची बॅटरी दोन तासांतच बसते.

होडी झाकायच्या कव्हरचं माप मोटर नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बसवल्यानंतरच घ्या. कापड हवा खेळणारं हवं, ते उचलून धरायला मधे खांब हवा. प्लास्टिकची ताडपत्री आवळून बांधली की आत ओल धरते आणि सीटला बुरशी येते.